भाकरी आठदा फिरवली, आता तवा बघा
अमेरिकन फुटबॉलमधल्या न्यूयॉर्क जेट्स टीमचे मालक वुडी जॉन्सन यांना खुले पत्र

एडिसन, न्यू जर्सी
फेब्रुवारी 2026

जॉन्सनसाहेब, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी पत्र मराठीतच लिहितेय, कारण तुमच्या स्टेडियमपासून तासाभराच्या अंतरात मराठी घरं भरपूर आहेत, त्यातल्या बऱ्याच घरांत दर रविवारी तुमच्या टीमपायी जेवणं लांबतात, आणि जे बोलायचं ते त्यांच्यादेखत बोललेलं बरं. इंग्रजी करून फ्लोरहॅम पार्कच्या, तुमच्या टीमच्या कचेरीच्या पत्त्यावर टाकायचं काम माझ्या मुलाने अंगावर घेतलंय. पदरच्या शिव्या घालायच्या नाहीत, एवढं त्याला बजावलंय.

आधी नातं सांगते. नाशिकच्या आमच्या घरात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला आंघोळीनंतर तुमच्या पणजोबांच्या कंपनीची पावडर लागली. मला लागली, माझ्या भावाला लागली. पुढे मी इथे आले आणि माझा मुलगा न्यू ब्रन्सविकला, तुमच्या आजोबांचं नाव असलेल्या हॉस्पिटलात झाला. मार्च 2011 मध्ये. ही तारीख लक्षात ठेवा. त्याच्या आदल्या जानेवारीत, 23 तारखेला, जेट्स पिट्सबर्गमध्ये कॉन्फरन्सची फायनल, म्हणजे लीगची उपांत्य लढत, खेळत होते. मी सोफ्यावर सुजलेले पाय उशीवर ठेवून बसले होते. या खेळातलं मला तेव्हा फारसं कळत नव्हतं, पण नवरा ओरडला की पोटात बाळ लाथ मारायचं, म्हणून मीही लक्ष देऊन बघत होते. 24-19 असे हरलो. नवरा म्हणाला, जाऊ दे, पुढच्या वर्षी बाळाला मांडीवर घेऊन बघू.

ते पुढचं वर्ष अजून उगवायचंय. बाळाला पुढच्या महिन्यात पंधरावं संपेल, मिसरूड फुटलंय, आणि त्याच्या जन्मापासून त्याची टीम एकदाही प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, गेलेली नाही. ज्या स्टेडियमचं तिकीट आम्ही काढतो ते 2010 साली उघडलं. त्यावर जेट्सचा प्लेऑफचा एकही सामना झालेला नाही. वास्तुशांत झाली, पंगत बसायची राहिली.

पत्र लिहायला बसले ते मात्र हंगाम संपला तेव्हा नाही. बसले ते 8 फेब्रुवारीच्या रात्री. सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम लढत, चालू होता, सिअॅटलने न्यू इंग्लंडला 29-13 असं हरवलं, आणि कागदी झिरमिळ्यांच्या पावसात सिअॅटलचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून डाव चालवणारा खेळाडू, उभा होता, सॅम डार्नल्ड. तुम्ही 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला आणि तीन हंगामांनी वाऱ्यावर सोडलेला. मुलगा काही न बोलता वर गेला आणि कपाटातून त्याची 14 नंबरची जर्सी घेऊन आला. सात वर्षांचा असताना घेतलेली. ती त्याच्या एका खांद्यातसुद्धा जाईना. त्याच कपाटात झॅक विल्सनची 2 नंबरची आहे, अॅरन रॉजर्सची 8 नंबरची आहे, आणि गेल्या ऑगस्टमध्ये स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून घेतलेली सॉस गार्डनरची 1 नंबरची आहे. चार जर्सी, चौघेही गेले. हे कपाट बंद करून मी खाली आले आणि लिहायला घेतलं.

मुख्य प्रशिक्षक अॅरन ग्लेन यांच्या पहिल्या, म्हणजे 2025 च्या हंगामाबद्दल बोलू. त्यांची निवड झाली तेव्हा आमच्या घरात आनंदच झाला होता, हे प्रामाणिकपणे सांगते. आपलाच माणूस. 1994 मध्ये जेट्सनेच निवडलेला, आठ हंगाम इथे खेळलेला, बचाव फळीतला कॉर्नरबॅक. तुमच्या मालकीतले हे आठवे मुख्य प्रशिक्षक. ग्रोह, एडवर्ड्स, मँजिनी, रायन, बोल्स, गेस, सालेह आणि आता ग्लेन. आमच्याकडे राजकारणात म्हणतात, भाकरी वेळेवर फिरवावी लागते, नाहीतर करपते. तुम्ही ती 2000 सालापासून फिरवताय.

पहिले सात सामने हरलो. पहिलाच सामना पिट्सबर्गशी, आपल्याच मैदानावर, आणि समोर तेच रॉजर्स ज्यांना तुम्ही आधी निरोप दिला होता. त्यांनी चार टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) टाकले, 34-32 ने गेलो. ते एक वेळ चालेल, त्या दिवशी टीम लढली तरी. पण ऑक्टोबरातल्या लंडनच्या सामन्याचं काय सांगू? इथल्या सकाळी साडेनऊला सुरू होणार म्हणून मी पोहे करून ताटल्या टीव्हीसमोरच आणल्या होत्या. डेन्व्हरने आपल्या क्वार्टरबॅकला नऊ वेळा पाडलं. पास टाकून किती यार्ड मिळवले, पाडल्यावर गमावलेले वजा करून, याचा हिशेब शेवटी दाखवला: उणे 10. शून्य नव्हे साहेब, उणे. आणि तरीही हरलो किती, तर 13-11. म्हणजे बचाव फळीने जीव तोडला होता. माझे सासरे नाशिकहून आले होते, त्यांना हा खेळ अजिबात कळत नाही. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "उणे म्हणजे आता हे लोक मैदानाला देणं लागतात का?"

सासऱ्यांचाच आणखी एक प्रश्न मला अजून छळतो. प्रतिस्पर्ध्याने टाकलेला पास आपल्या खेळाडूने हवेतच झेलायचा, त्याला इंटरसेप्शन म्हणतात, हे मी त्यांना समजावलं होतं. नोव्हेंबर आला, डिसेंबर आला, ते दर आठवड्याला विचारायचे, झेलला का एखादा? नाही बाबा. झेलला का? नाही. 17 सामन्यांत एकही नाही. लीगच्या इतिहासात असा हंगाम कोणत्याच टीमच्या नावावर नव्हता, तो आपल्या नावावर लागला. आणि तोही ज्याने स्वतः खेळताना 41 पास झेलले त्या प्रशिक्षकाच्या हाताखाली. सासरे एकनाथ सोलकरचे भक्त. परत जाताना विमानतळावर म्हणाले, "तुमच्या टीममध्ये शॉर्ट लेगला कोणी उभंच राहत नाही वाटतं."

चांगलंही सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसतं रडते. 26 ऑक्टोबरचा सिनसिनाटीचा सामना. आदल्या रात्री निक मँगोल्ड गेले, 41 व्या वर्षी, किडनीच्या आजाराने. सोफ्यावर पाय वर करून मी जो सामना पाहिला होता, त्यात मधोमध वाकून चेंडू देणारा दाढीवाला तो हाच. त्या दुपारी मागे पडलेल्या आपल्या टीमने अखेरीस असा डाव टाकला, की चेंडू घेऊन पळणाऱ्या ब्रीस हॉलनेच तो मेसन टेलरकडे फेकला, टचडाउन झालं आणि 39-38 ने जिंकलो. मुलगा आणि नवरा एकमेकांच्या गळ्यात पडले. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. एका विजयावर माणसं किती दिवस काढतात हे तुम्हाला वरच्या काचेच्या खोलीतून दिसत नसेल.

मग पुन्हा उतार. शेवटचे पाच सामने तर पाहवत नव्हते: 34-10, 48-20, 29-6, 42-10, 35-8. प्रत्येक पराभव 23 किंवा त्याहून जास्त गुणांचा. एकूण 3 विजय, 14 पराभव. यातल्या 42-10 ला आम्ही स्टेडियममध्ये होतो. 28 डिसेंबर, समोर न्यू इंग्लंड. एडिसनहून गाडी, सिकॉकसला बदली, हातमोज्यांवर हातमोजे. त्यांचा क्वार्टरबॅक ड्रेक मे याने पाच टचडाउन पास टाकले. हाफटाइमपर्यंतच समोरच्या राखाडी खुर्च्या दिसायला लागल्या होत्या, म्हणजे त्यावरची हिरवी माणसं उठून गेली होती. मी म्हटलं, निघू या का? मुलगा म्हणाला, "आई, ते खेळतायत तोवर बसायचं." बसलो. शेवटी आमच्या रांगेत आम्ही दोघं आणि खाली ओघळलेल्या सोड्यात भिजलेला एक कार्यक्रमपत्रिकेचा कागद.

आता तक्रारी.

पहिली तक्रार प्रशिक्षकांबद्दल नाही, तुमच्या घाईबद्दल आहे. रॉबर्ट सालेह यांना तुम्ही ऑक्टोबर 2024 मध्ये काढलं, पाच सामने झाले होते, बारा शिल्लक होते. सालेह यांची कारकीर्द काही सोन्याची नव्हती. 56 सामन्यांत 20 विजय. 2022 मध्ये 7-4, म्हणजे सात विजय आणि चार पराभव, असताना शेवटचे सहाच्या सहा हरले, तो घोळ त्यांचाच. पण 2022 आणि 2023 मध्ये त्यांची बचाव फळी लीगमधल्या पहिल्या पाचांत होती. ज्या क्वार्टरबॅकवर सगळा डाव लावला होता, ते रॉजर्स 11 सप्टेंबर 2023 ला चौथ्याच चालीत टाच धरून खाली बसले, त्यात सालेह काय करणार होते? आणि त्यांना काढून मिळवलं काय? उरलेल्या बारांत तीन विजय. भरल्या पानावरून माणूस उठवला आणि पान वायाच गेलं.

दुसरी तक्रार जिव्हारी लागलेली आहे. गेल्या ऑक्टोबरात टीम 0-7 होती, तेव्हा मालकांच्या बैठकीच्या वेळी तुम्ही पत्रकारांशी बोललात आणि अपयशाचं कारण सांगताना जस्टिन फील्ड्सच्या आकड्यांकडे बोट दाखवलंत. त्या मुलाला दोन वर्षांसाठी 4 कोटी डॉलरचा करार कुणी दिला होता? तुमच्याच टीमने ना? त्याचा खेळ वाईट होता, मी नाकारत नाही, मीही टीव्हीसमोर त्याला नाही नाही ते बोलले आहे. पण मी मालकीण नाही. घरातल्या कर्त्या माणसाने पाहुण्यांसमोर पोराची अक्कल काढायची नसते, दार लावून काढायची असते. आणि त्याच पोराने पाचच दिवसांनी तो सिनसिनाटीचा सामना जिंकून दिला. खेळाडूंच्या संघटनेने 2025 च्या प्रगतिपुस्तकात मालक म्हणून तुम्हाला एफ दिला तेव्हा तुम्ही चिडला होतात. नापास मुलगाही आधी पेपरालाच नावं ठेवतो. आमच्या घरात तरी त्यावर एकच प्रश्न विचारतात: अभ्यास केला होतास का?

तिसरी गार्डनरची. जुलैत चार वर्षांचा नवा करार, 4 नोव्हेंबरला इंडियानापोलिसला रवानगी. त्याच दिवशी क्विनन विल्यम्स डॅलसला. बदल्यात ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या निवडी आल्या, 2026 मध्ये आपल्याकडे त्या दोन आहेत आणि 2027 मध्ये तीन. हिशेबाने बघितलं तर सौदा वाईट नाही, हे नवऱ्याचं मत, आणि सकाळच्या डोक्याने मीही ते मान्य करते. पण चार महिनेही झाले नसताना "हा आमचा पाया" म्हणून ज्याच्यावर सह्या केल्या तो पायाच उचकटून विकता, तेव्हा पुढच्या पायावर लोकांनी विश्वास कसा ठेवायचा? इंटरसेप्शन शून्य आले यात नवल ते काय.

चौथी थोडक्यात: मैदान. येत्या उन्हाळ्यात याच स्टेडियममध्ये सॉकरच्या, म्हणजे आपल्याकडच्या फुटबॉलच्या विश्वचषकाचे सामने आहेत, 19 जुलैची फायनलसुद्धा. त्यासाठी तिथे खरं गवत येणार, कारण तसा नियमच आहे. एरवी आपली मुलं वर्षानुवर्षं प्लॅस्टिकच्या पात्यांवर गुडघे आणि घोटे घासतात. पाहुण्यांना चांदीचं ताट आणि घरच्यांना पत्रावळ, ही रीत कुठली?

मला ठाऊक आहे, आता कुणीतरी न्यू इंग्लंडचं उदाहरण देईल. त्यांनीही 2024 मध्ये 4-13 केलं, एका हंगामात प्रशिक्षक काढला, माइक व्रेबल आणले आणि लगेच 14-3 करून सुपर बोलला पोचले. मग प्रशिक्षक बदलणं वाईट कसं? खरं आहे. व्रेबल यांची मुलाखत तुम्हीही घेतली होती, त्यामुळे ते जास्तच झोंबतं. पण त्यांना आयता ड्रेक मे मिळाला, आणि ग्लेनना मिळाले ते एका हंगामात तीन क्वार्टरबॅक, त्यातला एकही उद्याचा नाही. ग्लेन हेच योग्य प्रशिक्षक आहेत याची खात्री मी देऊ शकत नाही. क्वार्टरबॅक कोण खेळणार हे शेवटपर्यंत गुलदस्त्यात ठेवायचा त्यांचा हट्ट मला बालिश वाटला. जॅक्सनव्हिलकडून 48 गुण खाल्ल्यावर बचाव फळीच्या प्रशिक्षकाला त्यांनी डिसेंबरात घरी पाठवलं. ती फळी कुणाची, तर मुख्य प्रशिक्षकाच्या स्वतःच्या विषयाची. गणिताच्या सरांच्या वर्गात गणितातच सगळी मुलं नापास व्हावीत, तसं ते.

तरीही त्यांना वेळ द्या म्हणते, कारण मला डेट्रॉइट आठवतं. ग्लेन तिथूनच आले. 2021 मध्ये डॅन कॅम्पबेल तिथे मुख्य प्रशिक्षक झाले आणि ग्लेन बचाव फळी सांभाळायला लागले. पहिल्या अकरा सामन्यांत एकही विजय नाही, दहा पराभव आणि एक बरोबरी. वर्षाखेर तीन विजय, आपल्यासारखेच. पुढच्या वर्षी पुन्हा 1-5. लोक ग्लेन यांच्याच डोक्यामागे लागले होते. तेव्हा तिथल्या मालकीणबाई शीला फोर्ड हॅम्प स्वतः पत्रकारांसमोर आल्या. निकाल बघून त्रास होतो म्हणाल्या, पण माझ्या माणसांवर माझा विश्वास आहे, हेही म्हणाल्या. कुणा खेळाडूचे आकडे त्यांनी वाचून दाखवले नाहीत. तो हंगाम 9-8 संपला, पुढचा 12-5, त्यापुढचा 15-2. जादू नव्हती ती. एका बाईने कठीण महिन्यात जागा सोडली नाही, एवढंच.

तेव्हा मागण्या अशा आहेत.

2026 चा हंगाम ग्लेन यांना पूर्ण, सतराच्या सतरा सामने द्या. आठवा पराभव झाला, गॅलरीतून आरडाओरडा झाला, तरी ऑक्टोबरात हात लावू नका. जानेवारीत काढायचं असेल तर काढा, पण त्या दिवशी पत्रकार परिषदेत पहिलं उत्तर तुम्ही द्या.

खेळाडूंबद्दल जाहीरपणे काही बोलायचं असेल तर फक्त चांगलं बोला. बाकीचं प्रशिक्षक आणि जनरल मॅनेजर बघून घेतील, त्याचे ते पगार घेतात.

हातात असलेल्या पहिल्या फेरीच्या निवडी त्या दोघांच्या मताने वापरा. जो क्वार्टरबॅक घ्याल त्याला तीन वर्षं सांभाळा, आणि त्याला पाडणाऱ्यांना अडवणारी फळी आधी उभी करा. डार्नल्डला तुम्ही निवडलं तेव्हा तो 20 वर्षांचा होता. त्याला खेळता येत होतं, हे आता साऱ्या जगाने पाहिलं.

विश्वचषकानंतर ते गवत उचलून नेऊ देऊ नका. स्टेडियम जायंट्सबरोबर वाटणीत आहे, कबूल, पण निम्मा हक्क तुमचा आहे. त्यांच्याशी बोला.

आणि प्लेऑफचा एक तरी सामना खेळेपर्यंत सीझन तिकिटाचा दर एका डॉलरनेही वाढवू नका. ही मागणी नवऱ्याने घालायला लावली, पण बरोबर आहे.

सुपर बोल जिंकून द्या, असं यात कुठेही म्हटलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. 12 जानेवारी 1969 ला जेट्सने तो एकदाच जिंकला, त्यानंतर तो शब्द आमच्याकडे देवाच्या नावासारखा जपून घेतात.

मुलाला परवा विचारलं, वाढदिवसाला काय हवं. जर्सीच हवी म्हणाला. कुणाच्या नावाची, तर म्हणे अजून ठरलं नाही, एप्रिलमधला ड्राफ्ट होऊ दे. वाढदिवस मार्चमध्ये आहे. म्हणून या वर्षी भेट महिनाभर उशिरा द्यायची असं आमच्यात ठरलंय.

कळावे, लोभ असावा.

आपली,
वरच्या मजल्यावरच्या खुर्च्यांतली एक सीझन तिकीटधारक